वेग आणि लगाम : मोटारींच्या जागतिक शर्यतींची ओळख

आमच्या गावांतील तरुण मंडळींच्या बोलण्यात अलीकडे एक नवा विषय शिरला आहे. पूर्वी रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पटांगणात क्रिकेटच्या धावा आणि फुटबॉलचे गोल यांचीच चर्चा चाले. आता त्यांच्या जोडीला वेर्स्टापेन, हॅमिल्टन, नॉरिस अशी नावे ऐकू येऊ लागली आहेत. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर मोटारींच्या शर्यती पाहिल्या जातात, त्यांवर वाद होतात आणि पैजाही लागतात. घरातील वडील मंडळी विचारतात, "अरे, मोटारी नुसत्या गोल गोल फिरतात, त्यांत पाहावयाचे ते काय?" आईच्या मनात मात्र निराळीच धास्ती असते. पडद्यावरील मोटार पाहता पाहता मुलाने नुकतीच घेतलेली मोटारसायकल तिच्या डोळ्यांसमोर उभी राहते.

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. एखादी गोष्ट समजून न घेता तिची निंदा करणे जितके अयोग्य, तितकेच समजून न घेता तिच्यामागे धावणेही अयोग्य होय. म्हणून आजच्या लेखात प्रथम हा खेळ काय आहे ते सांगावयाचे आणि मग ख्रिस्ती कुटुंबाने त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याचा विचार करावयाचा, असे योजिले आहे.

नाव आणि जन्म

या शर्यतींस 'फॉर्म्युला वन' असे म्हणतात. फॉर्म्युला म्हणजे नियमांचे सूत्र. मोटारीचे वजन किती असावे, इंजिन केवढे असावे, टायर कोणते असावेत, चालकाच्या रक्षणासाठी कोणती साधने असावीत, हे सर्व ज्या नियमावलीने ठरते ती फॉर्म्युला. आणि सर्वांत वरच्या दर्जाची म्हणून तिला 'वन', म्हणजे पहिली, असे नाव पडले. १९०४ साली पॅरिस येथे स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ ही नियमावली ठरवितो. यातील प्रत्येक शर्यतीला 'ग्रां प्री' म्हणतात. हे शब्द फ्रेंच भाषेतील असून त्यांचा अर्थ 'मोठे बक्षीस' एवढाच आहे. या नावाची पहिली मोठी शर्यत १९०६ साली फ्रान्समध्ये ल मां या गावाजवळ झाली. ती दोन दिवस चालली आणि रेनो मोटार चालविणाऱ्या फेरेन्क सिस या हंगेरियन मिस्त्रीने ती जिंकली.

आज आपण जिला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणतो, तिचा आरंभ १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात तेथे लढाऊ दलाचा विमानतळ होता. ज्या जागेवरून बाँबफेकी विमाने उडत, त्याच जागेवर पाच वर्षांनी निरनिराळ्या देशांचे लोक खेळासाठी एकत्र आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इटलीचे ज्युसेप्पे फारिना हे ती पहिली शर्यत जिंकले आणि त्या वर्षाचे पहिले जगज्जेतेही तेच ठरले.

संघ, चालक आणि गुण

क्रिकेटच्या सामन्यात दोन संघ असतात. येथे २०२६ च्या मोसमात अकरा संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या दोन मोटारी धावतात, म्हणजे एका शर्यतीत बावीस मोटारी. एकाच संघाचे दोन चालक एका अर्थी भाऊभाऊ असतात, कारण त्यांची कमाई एकाच घरात जाते. आणि दुसऱ्या अर्थी ते एकमेकांचे पहिले प्रतिस्पर्धी असतात, कारण दोघांची मोटार सारखीच असल्याने अधिक चांगला कोण हे तेथेच उघड होते. समाईक शेत कसणाऱ्या भावांमधील प्रेम व चुरस ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

शर्यतीत पहिल्या दहा चालकांना गुण मिळतात. पहिल्यास २५, दुसऱ्यास १८, तिसऱ्यास १५, आणि पुढे अनुक्रमे १२, १०, ८, ६, ४, २ व १. वर्षभरातील सर्व शर्यतींचे गुण मिळवून ज्याची बेरीज सर्वाधिक होईल तो चालक जगज्जेता. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी अशा २४ शर्यती झाल्या. याखेरीज दोन्ही चालकांच्या गुणांची बेरीज करून सर्वोत्कृष्ट संघाचे निराळे अजिंक्यपद दिले जाते; ते १९५८ पासून सुरू झाले.

नवख्या प्रेक्षकास वाटते की पहिला कोण आला एवढेच महत्त्वाचे. वस्तुतः नववा आणि दहावा यांच्यातील झुंजही तितकीच अर्थपूर्ण असते. २०२५ साली लँडो नॉरिस यांनी मॅक्स वेर्स्टापेन यांच्यावर अवघ्या दोन गुणांनी मात करून अजिंक्यपद मिळविले. नऊ महिन्यांच्या धावपळीचा निकाल दोन गुणांवर लागतो. तेव्हा एखाद्या विस्मृत रविवारी पावसात झगडून मिळविलेला तो एक गुण व्यर्थ कसा म्हणावा?

तीन दिवसांचा कार्यक्रम

एका शर्यतीचा कार्यक्रम साधारणतः शुक्रवारी सुरू होतो. प्रथम सराव होतो. शनिवारी पात्रता फेरी असते. तिचे तीन भाग असतात. पहिल्या व दुसऱ्या भागात सर्वांत मंद ठरलेले चालक गळतात आणि शेवटच्या भागात उरलेले दहा चालक पुढच्या जागांसाठी झगडतात. ज्याने एक फेरा सर्वांत कमी वेळात पूर्ण केला तो रविवारी सर्वांच्या पुढे उभा राहतो. काही ठिकाणी शनिवारी एक छोटी शर्यतही ठेवलेली असते.

रविवारी मुख्य शर्यत. सर्व मोटारी आपापल्या जागी उभ्या राहिल्या म्हणजे समोरचे पाच तांबडे दिवे एकामागून एक पेटतात. ते सर्व एकदम विझले की शर्यत सुरू. शर्यतीचे अंतर ३०५ किलोमीटरांहून किंचित अधिक असते आणि ते साधारणपणे दीड-दोन तासांत तोडले जाते. युरोपातील बहुतेक शर्यती आपल्याकडील घड्याळाप्रमाणे सायंकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान सुरू होतात. ही वेळ आपल्या घरांत कशाची असते, ते पुढे पाहू.

मोटारीची किमया

या मोटारींस छप्पर नसते, चाके उघडी असतात आणि एकच माणूस आत जवळजवळ पाठीवर पडून बसतो. इंजिन केवळ १.६ लिटरचे, म्हणजे आपल्या रस्त्यांवरील एखाद्या मध्यम मोटारीएवढेच. परंतु त्याला विजेच्या यंत्राची जोड असते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने साठविली जाते आणि पुन्हा वेगासाठी वापरली जाते. २०२६ च्या नव्या नियमांनुसार मोटारीच्या एकूण शक्तीतील जवळजवळ निम्मा वाटा विजेचा आहे. सरळ मार्गावर या मोटारी ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने जातात.

परंतु खरी किमया वळणावर आहे. विमानाचे पंख वाऱ्याच्या साहाय्याने त्यास वर उचलतात. या मोटारीला पुढे व मागे जे पंख असतात, ते उलट्या घडणीचे असल्यामुळे तोच वारा मोटारीस खाली, रस्त्यावर दाबून धरतो. म्हणूनच साधी मोटार जेथे उलटून शेतात जाईल, तेथे ही मोटार रस्ता सोडीत नाही. मात्र या दाबाची किंमत चालकाचे शरीर मोजते. वेगवान वळणावर त्याच्या मानेवर नेहमीच्या चार-पाच पट भार येतो आणि उष्ण प्रदेशातील एका शर्यतीत घामावाटे त्याचे दोन-तीन किलो वजन उतरते. 'बसून तर चालवावयाचे' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. पुढची मोटार वारा कापीत जाते, तेव्हा तिच्यामागे वारा विस्कळित होतो. मागून येणाऱ्या मोटारीच्या पंखांना स्वच्छ वारा मिळत नाही, तिचा दाब कमी होतो आणि वळणावर तिला जवळ जाणे कठीण पडते. म्हणून अधिक वेगवान मोटारही कित्येकदा मंद मोटारीच्या मागे अडकून राहते. याला कंटाळवाणेपणा समजू नये. पुढच्याने चूक करावी म्हणून मागच्याने धीराने दबाव वाढवीत नेणे, हाही खेळच आहे.

टायर, थांबा आणि झेंडे

नवख्याने प्रथम टायरांकडे पाहावे. कोरड्या रस्त्यासाठीच्या टायरांवर तीन रंगांच्या खुणा असतात. तांबडी खूण मऊ टायराची. तो रस्त्याला घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. पांढरी खूण कठीण टायराची. तो मंद, परंतु दीर्घकाळ टिकणारा. पिवळी खूण या दोहोंच्या मधली. पावसासाठी हिरव्या व निळ्या खुणेचे टायर निराळे. कोरड्या शर्यतीत प्रत्येकास कोरड्या टायरांच्या निदान दोन जाती वापराव्याच लागतात, म्हणून मध्ये एकदा तरी थांबणे भागच असते. शर्यतीत इंधन भरण्यास २०१० पासून मनाई आहे; थांबा असतो तो मुख्यतः टायरांसाठी.

हा थांबा पाहण्यासारखा असतो. सुमारे वीस माणसे क्षणार्धात मोटारीभोवती जमतात. कोणी मोटार उचलतो, कोणी नट सोडवितो, कोणी जुने चाक काढतो, कोणी नवे बसवितो. हे सर्व दोन-तीन सेकंदांत पार पडते. २०२३ साली कतार येथे मॅक्लारेन संघाच्या माणसांनी चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. चषक उंचावणारा एकटा चालक असतो, पण त्या वीसांपैकी एकाचा हात जरी चुकला तरी तो चषक त्याच्या हाती लागत नाही. चर्चच्या फेस्ताच्या दिवशी वेदीवर उभा असलेला आणि मागे स्वयंपाकाच्या चुलीशी बसलेला, दोघांनी मिळूनच सण साजरा होतो, तसेच हे आहे.

केव्हा थांबावयाचे यात संघाच्या बुद्धीची कसोटी लागते. लवकर थांबले तर नव्या टायरांचा वेग हाती येतो, पण शेवटी ते झिजतात. उशिरा थांबले तर शेवटी वेग मिळतो, पण तोवर मागे पडण्याची भीती. बैलगाडीच्या शर्यतीत पहिल्याच टप्प्यात बैल दमविणारा गाडीवान शेवटी काय करतो, हे आपल्या शेतकरी वाचकांस ठाऊकच आहे.

झेंड्यांची भाषाही शिकून घ्यावी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा आणि कोणासही मागे टाकू नका. तांबडा म्हणजे शर्यत थांबविली. निळा म्हणजे तुमच्याहून एक फेरा पुढे असलेली मोटार मागून येत आहे, तिला वाट द्या. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा म्हणजे शर्यत संपली. हे झेंडे हाती घेऊन उन्हापावसात उभे राहणारे लोक बहुतांशी स्वयंसेवक असतात. २००० साली मोंझा येथे आणि २००१ साली मेलबर्न येथे अपघातातील मोटारीचे चाक उडून असा एकेक स्वयंसेवक प्राणास मुकला. टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्मरण राहावे.

मार्गांपैकी मोनाको, इंग्लंडचे सिल्व्हरस्टोन, बेल्जियमचे स्पा आणि इटलीचे मोंझा ही नावे प्रथम ओळखीची करून घ्यावी. मोनाको हे समुद्रकाठचे चिमुकले राज्य. तेथे शहराच्या अरुंद रस्त्यांवरूनच ७८ फेरे मारले जातात. तेथील पहिल्या वळणाचे नाव 'सांत देव्होत' असे आहे. संत देव्होता ही कॉर्सिका बेटावरील रक्तसाक्षी कुमारिका, मोनाकोची आश्रयदाती. तिचे चर्च त्या वळणाशेजारीच उभे आहे. जगभरचे समालोचक दरवर्षी तिचे नाव शंभरदा उच्चारतात. आपल्या वाचकांनी ते ऐकले म्हणजे ते एका संताचे नाव आहे याची आठवण ठेवावी.

या खेळाची काळी बाजू

येथवर कौतुक झाले. आता जे सांगितल्यावाचून ही ओळख प्रामाणिक ठरणार नाही ते सांगतो. या खेळाच्या आरंभीच्या दशकांत मृत्यू हा नेहमीचा पाहुणा होता. १९५७ साली इटलीच्या खुल्या रस्त्यांवरील 'मिल्ले मिल्या' शर्यतीत फेरारीची एक मोटार टायर फुटून प्रेक्षकांत घुसली. चालक व त्याचा सोबती यांखेरीज नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच बालके होती. पुढच्या वर्षी लुइजी मुस्सो हे फेरारीचे चालक फ्रान्समध्ये मृत्यू पावले, तेव्हा 'ओस्सेर्व्हातोरे रोमानो' या व्हॅटिकनच्या दैनिकाने एन्झो फेरारी यांची तुलना स्वतःची लेकरे गिळणाऱ्या रोमन पुराणातील सॅटर्नशी केली. शब्द कठोर होते, परंतु त्यांमागची वेदना खरी होती. मनोरंजनासाठी माणसाचा प्राण पणास लावावा काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेने विचारला नाही तर कोणी विचारावा?

त्या प्रश्नाचे उत्तर खेळातील माणसांनीच हळूहळू दिले. १९६६ साली स्पा येथे पहिल्याच फेऱ्यात मुसळधार पावसात स्कॉटलंडचे जॅकी स्टुअर्ट यांची मोटार मार्ग सोडून कोसळली. ते आत अडकून पडले आणि फुटलेल्या टाकीतील पेट्रोल त्यांच्या अंगावर सांडत राहिले. एक ठिणगी पुरे होती. तेथे ना डॉक्टर, ना अवजारे. ग्रॅहम हिल व बॉब बाँड्युरंट या दोन सहचालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्यांस सोडविले. बरे झाल्यावर स्टुअर्ट यांनी पट्टे, भक्कम कठडे, वैद्यकीय पथके यांसाठी हट्ट धरला. 'भित्रा' म्हणून त्यांची हेटाळणी झाली. हा 'भित्रा' मनुष्य १९६९, १९७१ व १९७३ असा तीन वेळा जगज्जेता झाला. १९७३ साली त्यांचा तरुण साथीदार फ्रांस्वा सेव्हेर सरावात मृत्यू पावला. ती स्टुअर्ट यांची शंभरावी आणि अखेरची शर्यत ठरावयाची होती. ते त्या शर्यतीत उतरलेच नाहीत आणि पुन्हा कधीही धावले नाहीत.

१९९४ साली इटलीतील इमोला येथे शनिवारी ऑस्ट्रियाचे रोलांड रात्झेनबर्गर आणि रविवारी ब्राझीलचे आयर्टन सेना, तीन वेळचे जगज्जेते, असे दोघे लागोपाठ गेले. सेना यांच्या मोटारीत ऑस्ट्रियाचा गुंडाळलेला झेंडा सापडला. शर्यतीनंतर तो रात्झेनबर्गर यांच्या स्मरणार्थ फडकवावा असे त्यांनी योजिले होते. त्यानंतर मार्ग, मोटारी, शिरस्त्राणे, सर्वांची फेररचना झाली. पुढील वीस वर्षे एकही चालक या शर्यतींत बळी पडला नाही. २०१४ साली जपानमध्ये जखमी झालेले ज्यूल बियांकी पुढील वर्षी मृत्यू पावले आणि हा क्रम तुटला.

२०१८ पासून चालकाच्या डोक्यावर टायटॅनियम धातूची एक मजबूत कमान बसवितात. तिला 'हेलो', म्हणजे प्रभामंडळ, म्हणतात. संतांच्या चित्रांत डोक्याभोवती दाखवितात तेच. ती कुरूप दिसते म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. फ्रान्सचे रोमें ग्रोजाँ हेही विरोधकांपैकीच होते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथे त्यांची मोटार लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि भडका उडाला. सुमारे २८ सेकंद ते त्या ज्वाळांत होते. मग हात भाजलेले, परंतु शुद्धीवर असलेले ग्रोजाँ स्वतःच्या पायांनी बाहेर आले. कमान नसती तर कठड्याने त्यांचे शिर वाचले नसते. पुढे त्यांनी आपला विरोध उघडपणे मागे घेतला. केस विस्कटतात म्हणून हेल्मेट घरी खुंटीला टांगणाऱ्या आमच्या मुलांनी ती चित्रफीत एकदा अवश्य पाहावी.

सत्य आणि धैर्य

या खेळाने काही सुंदर उदाहरणेही घालून दिली आहेत. १९५६ साली मोंझा येथे अर्जेंटिनाचे हुआन मान्युएल फांजिओ यांची मोटार बिघडली. पीटर कॉलिन्स या तरुण इंग्रज साथीदारास स्वतः जगज्जेता होण्याची संधी होती. त्या काळी मोटार दुसऱ्यास देण्याची मुभा होती. कॉलिन्स यांनी थांब्यावर येऊन कोणी आज्ञा न करता आपली मोटार फांजिओ यांच्या स्वाधीन केली आणि फांजिओ चौथ्यांदा अजिंक्य ठरले.

१९५८ साली पोर्तुगालमध्ये माइक हॉथॉर्न यांनी शर्यतमार्गावर उलट दिशेने मोटार चालविली असा आरोप आला आणि त्यांचे गुण जाणार असे दिसू लागले. तेव्हा त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस यांनी आपण होऊन पंचांसमोर साक्ष दिली की हॉथॉर्न मुख्य मार्गावर नव्हते. गुण राहिले. वर्षअखेर हॉथॉर्न ४२ व मॉस ४१, अशा एका गुणाने हॉथॉर्न जगज्जेते झाले. मॉस यांना ते पद आयुष्यात कधीच मिळाले नाही. गप्प बसले असते तर ते मिळाले असते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये हे आपण लहानपणी पाठ करतो. पण शेजाऱ्याच्या बाजूची खरी साक्ष, आणि तीही स्वतःचे नुकसान होत असता, किती जण देतात?

तिसरे उदाहरण निकी लाउडा यांचे. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे त्यांच्या मोटारीने पेट घेतला. चार सहचालकांनी आपल्या मोटारी थांबवून त्यांस आगीतून ओढून काढले. फुप्फुसे विषारी धुराने भरली होती. रुग्णालयात धर्मगुरूंनी त्यांस आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कारही दिला. तरी सहाच आठवड्यांनी, जखमा ओल्या असता, ते मोंझा येथे धावले आणि चौथे आले. साऱ्या जगाने यास धैर्य म्हटले.

माझ्या मते त्यांचे खरे धैर्य पुढे दिसले. २४ ऑक्टोबर रोजी जपानमध्ये फुजी येथे वर्षातील शेवटची शर्यत होती. लाउडा तीन गुणांनी पुढे होते. प्रचंड पाऊस पडत होता, समोरचे दिसत नव्हते. दोन फेऱ्यांनंतर लाउडा थांब्यावर आले, मोटारीतून उतरले आणि म्हणाले की हे चालविणे अति धोक्याचे आहे. यंत्रात बिघाड झाला असे जगाला सांगू, असे संघाकडून सुचविण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि निर्णय आपला असल्याचे सांगितले. त्या दिवशी जेम्स हंट तिसरे आले आणि ६९ विरुद्ध ६८, अशा एका गुणाने जगज्जेते झाले. पण लाउडा जिवंत होते. १९७७ साली ते पुन्हा जगज्जेते झाले आणि १९८४ साली तिसऱ्यांदा. त्या वेळी त्यांनी अलँ प्रोस्त यांस अवघ्या अर्ध्या गुणाने मागे टाकले. थांबणाऱ्याचे सर्वस्व जात नाही, एवढे यावरून समजावे.

भारताशी संबंध

भारताचे नारायण कार्तिकेयन हे २००५ साली या शर्यतींत उतरणारे पहिले भारतीय चालक. त्यांच्यानंतर २०१० साली करुण चांडोक आले. दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ व २०१३ अशी तीन वर्षे भारतीय ग्रां प्री झाली; तिन्ही वेळा जर्मनीचे सेबास्टियन फेटेल विजयी झाले. पुढे करविषयक वादांत ती बंद पडली. आमच्या हैदराबादच्या वाचकांना ११ फेब्रुवारी २०२३ चा दिवस आठवत असेल. त्या दिवशी हुसेनसागराच्या काठी 'फॉर्म्युला ई' या केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली आणि फ्रान्सचे झाँ-एरिक व्हेर्न ती जिंकले. ती स्पर्धा निराळी असली, तरी खेळाची रीत पुष्कळशी हीच.

आपल्या घरांसाठी

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळू. ख्रिस्ती मनुष्याने हा खेळ पाहावा काय? पाहण्यास हरकत नाही, असे मला वाटते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचाच दृष्टान्त घेतला आहे. करिंथनजीक मोठे क्रीडामहोत्सव भरत आणि धावपटूंचा संयम तेथील लोकांच्या नित्य पाहण्यातला होता. पौलाने मात्र वेग वाखाणला नाही; त्याने वाखाणली ती शिस्त आणि स्वतःच्या देहावरील ताबा. या शर्यतींतही तेच पाहावे.

परंतु पडदा आणि रस्ता यांत गल्लत होता कामा नये. शर्यतमार्गावर समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, शाळेतून परतणारी मुले नसतात. कठडे, अग्निशामक आणि डॉक्टर क्षणभरात हजर असतात. आपल्या गावच्या रस्त्यावर यांपैकी काहीही नसते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, २२९० व्या परिच्छेदात, जो मद्याच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर स्वतःचे वा इतरांचे प्राण धोक्यात घालतो, तो गंभीर दोषास पात्र होतो, असे स्पष्ट सांगितले आहे. 'वेगाचा हव्यास' हे शब्द तेथे मद्याच्या शेजारी बसविलेले आहेत, हे तरुणांनी नीट ध्यानात घ्यावे. आपल्यापैकी किती जण पापनिवेदनास जाताना मोटारसायकलचा विचार करतात?

म्हणून आईबापांस विनंती की मुलांना रागे भरून पडदा बंद करू नये. एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर बसावे. तांबडा टायर कोणता, पिवळा झेंडा कशासाठी, हे मुलांकडूनच समजून घ्यावे आणि मग स्टुअर्ट, ग्रोजाँ, लाउडा यांच्या गोष्टी त्यांस सांगाव्या. उपदेशापेक्षा त्या अधिक खोल जातील. तरुणांस विनंती की पिवळा झेंडा पाहून जगज्जेताही वेग कमी करतो, तेव्हा शाळेजवळ आणि चर्चजवळ आपणही तो कमी करावा. हेल्मेट घालावे, मागे बसणाऱ्या बहिणीलाही द्यावे. शर्यतीवर पैसे लावू नयेत.

राहिली सायंकाळची वेळ. शर्यत सुरू होते ती नेमकी आपल्या घरांत जपमाळेची प्रार्थना होते त्या सुमारास. यावरून घरोघरी कुरबुर होते असे ऐकतो. यास उपाय सोपा आहे. त्या दिवशी जपमाळ अर्धा तास आधी म्हणावी, सर्वांनी मिळून म्हणावी, आणि तिच्यात रस्त्यावर असलेल्या सर्वांसाठी एक 'नमो मारिया' अधिक म्हणावा. मग पाच तांबडे दिवे विझताना घरातील आजीही पडद्यासमोर बसली असेल, आणि पहिल्या वळणाचे नाव एका संताचे आहे हे नातवंडांना तीच सांगेल.